शांतारामभाऊंचा पहिला अल्बम

शांतारामभाऊ वाक्य कधी पूर्ण करायचे नाहीत. अर्धं बोलायचे, मूठ छातीपर्यंत आणायचे आणि थांबायचे. उरलेलं समोरच्यानं म्हणायचं. "च्या—" म्हणून थांबले की आपण "घेऊ!" म्हणायचं. "गाडी—" म्हणाले की "आली!" किंवा "चुकली!", जे खरं असेल ते. नवीन माणूस नुसता बघत राहायचा. मग भाऊही त्याच्याकडे बघत राहायचे. मी एकदा गंमत म्हणून मुद्दाम गप्प राहिलो. तर हा माणूस कुरवंड्याच्या रस्त्यावर, भर उन्हात, मूठ छातीला लावून तसाच उभा. शेवटी मलाच घाम फुटला आणि मी "व्हय!" म्हणून टाकलं. कशाला व्हय म्हणालो ते मला माहीत नाही. भाऊ मात्र खूश होऊन पुढे चालायला लागले.

ही सवय कंपनीची. माझे पप्पा आणि भाऊ एकाच कंपनीत होते, आणि गेटवर सभा असली की घोषणा द्यायचं काम भाऊंचं. घोषणा देणारा म्हणजे पहिला अर्धा म्हणणारा. "कोण म्हणतो देणार न्हाई" हा अर्धा भाऊंचा, आणि "घेतल्याशिवाय राहणार न्हाई" हा बाकी सगळ्या कामगारांचा. पप्पा त्या बाकी सगळ्यांतले. पुढे कंपनीला टाळं लागलं, लोक पांगले. पप्पांनी कामशेत-पवनानगर रस्त्यावर जीप घातली. भाऊ वडिवळ्याचं घर सांभाळून कुरवंड्याच्या एका बंगल्यावर वॉचमन झाले. बंगल्याचे मालक वर्षातून दोनदा यायचे. म्हणजे आयुष्यभर जमावासमोर बोललेल्या माणसाला दिवसभर बोलायला कोण, तर एक जास्वंद आणि एक पाण्याची मोटर. मोटरला पण ते "पाणी—" म्हणायचे. मी ऐकलंय.

आता माझं. मी नकला करतो. लग्न, हळद, सोसायटीचा गणपती, कॅम्पसाइट, जिथे बोलावतील तिथे. पुढारी, कॉमेंटेटर, स्टेशनवर गाडी उशिरा असल्याचं आनंदानं सांगणारी बाई, सगळे माझ्या गळ्यात राहतात. शांतारामभाऊ पण. "शांतारामभाऊ मुलगी बघायला गेले" हा माझा आयटम अख्ख्या मावळात चालायचा. खुद्द भाऊ पोट धरून हसायचे आणि मला 'नकल्या' म्हणायचे. हसायचे नाहीत ते एकटे पप्पा. त्यांचं म्हणणं एकच, "त्यानं प्वाट भरतं का?"

तर अकरावीत मला एक अल्बम सापडला होता. अमेरिकेतला बँड, त्यांचा पहिलाच अल्बम, माझ्या जन्माच्याही आधीचा. अर्धं रॅप, अर्धं मेटल, आणि सगळा राग सरकारवर, पोलिसांवर, कंपन्यांवर. बँडचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही लगेच मोबाईलवर लावाल, तुम्हाला तो माझ्यापेक्षा जास्त कळेल, आणि मी पुन्हा जळेन. एकदा जळलोय तेवढं बास.

तो अल्बम माझा होता. म्हणजे लोणावळ्यात दुसऱ्या कुणाला माहीत नाही असं मी धरून चाललो होतो. त्या बँडचा टी-शर्ट मागवला होता. आईनं इस्त्री करताना त्यावरची अक्षरं जाळली, तरी घालायचो. त्या गायकाचा आवाज मला डिट्टो यायचा. श्वास कुठे घेतो, शब्द कुठे थुंकतो, कुठे घसा फाडतो, सगळं पाठ. अर्थाचं विचाराल तर एवढंच कळायचं की माणूस चिडलाय. कुणावर, कशासाठी, ते बघू निवांत.

माझे दोन मित्र, सागर आणि प्रथमेश. सागर ड्रम बडवतो, प्रथमेश गिटार. आमचा बँड होता, पण वाजवायला जागा नव्हती. कारण सागरच्या घरचे सागरलाच बडवायचे. भाऊ म्हणाले, बंगल्याची गाडीची शेड मोकळीच आहे, वाजवा काय ते. एका दुपारी सागर-प्रथमेश अजून आले नव्हते. मला सुचलं की भाऊंना तो अल्बम ऐकवायचा आणि त्यांच्या तोंडाचा व्हिडिओ काढायचा. साठीला टेकलेला वॉचमन, कानात मेटल. लोक हसून मरतील. मी मोबाईल समोर टेकवला आणि हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला.

भाऊ हसले नाहीत, दचकले नाहीत, "बंद कर रं" पण म्हणाले नाहीत. ते हळूच खुर्चीवरून उठले.

"काय झालं भाऊ? आवाज कमी करू?"

"गप." डोळे मिटलेले. मग हेडफोन एका कानावरून सरकवून म्हणाले, "मिटिंग—"

"कसली मिटिंग?"

"कुठल्या गेटवरची हाय ही?"

"भाऊ, हे गाणं आहे. अमेरिकेतलं."

"आरं गानं कसलं? ह्यो घोषणा देतोय." त्यांनी मूठ छातीपर्यंत आणली. "बग. ह्यो अर्धं बोलतो न् थांबतो. मग ते कर्रर्र करत येतंय ते काय हाय?"

"गिटार."

"गिटार न्हाई त्ये. जमाव हाय."

मी पाच वर्षं तो अल्बम ऐकत होतो. गिटार मला गिटारच वाटायची. मी मोबाईल बंद करायला वाकलो. त्या व्हिडिओत शेवटी भाऊ दिसतच नाहीत, माझंच तोंड दिसतं, उघडं.

"परत लाव," भाऊ म्हणाले. "पयल्यापासनं. न् मधी बोलू नको."

"बसा तरी."

"गेटवरची सभा बसून ऐकत्यात व्हय?"

अख्खा अल्बम त्यांनी उभ्यानं ऐकला. सागर आणि प्रथमेश आले, ते पण भिंतीला टेकून उभे राहिले. संपल्यावर भाऊंनी हेडफोन काढला, रुमालानं कान पुसले आणि विचारलं, "मागण्या—"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो.

"मान्य झाल्या का त्यांच्या?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"एवढी वर्सं ऐकतोस न् इचारलं न्हाईस?"

त्या दिवसापासून माझी जळजळ सुरू झाली. पहिल्यांदा वाटलं, सकाळच्या वडापावाची असेल. पण ती दुसऱ्या दिवशी उपाशीपोटीही होती. तो अल्बम मी शोधला, मी पाठ केला, मी जळका टी-शर्ट घालून गावभर फिरलो. आणि ज्याला इंग्रजीतलं 'स्टॉप' आणि 'ओव्हरटाइम' सोडून काही येत नाही, तो माणूस एका दुपारीत आत जाऊन बसला. मी अजून दारातच. शिवाय त्यांना तो पहिल्यांदा ऐकायला मिळाला होता, हे वेगळंच. मी तो अकरावीत ऐकला तेव्हा माझ्याकडे रागवायला होतंच काय? डब्यातली भाजी.

बरं, भाऊ गप्प तरी राहतील? दोन आठवड्यांत ते अल्बमचे मालक झाले. मुलीकडून एक छोटा स्पीकर मागवला आणि वडिवळ्याच्या घरी सकाळी सातला, ओटीवर दाढी करताना लावायला लागले. काकी, म्हणजे त्यांची बायको, माझ्याशी फोनवर भांडली. "काय लावून दिलंस रं ह्यास्नी? त्यो मेला कुनीतरी दिस उगवला की आमच्या ओटीवर येऊन वरडतोय, न् हे म्हनत्यात, बराबर हाय त्याचं!" शेजारी तक्रार घेऊन आले, तर भाऊंनी त्यांनाच उभं करून दोन गाणी ऐकवली. तालमीत मी गायला लागलो की भाऊ बोट वर करायचे. "हितं तू घाई करतोस. त्यो हितं थांबतो. लोकास्नी श्वास घिऊ दे." एकदा तर मला खडीसाखर आणि ज्येष्ठमध आणून दिलं आणि म्हणाले, "त्या अमेरिकावाल्याला पन धाडलं असतं. त्याचा घसा ऱ्हायाचा न्हाई."

शेवटचं गाणं मात्र त्यांना पटलं नव्हतं. "ह्यो लय तापवतो न् तसंच सोडून देतो. असं करू न्हाई, नकल्या. सभा संपताना गडी थंड करून घरी धाडायचा. न्हाईतर त्यो घरी जाऊन बायकोला मारतो. राग कुटं न्यायचा त्ये सांगितल्याबिगर गेट सोडू द्यायचं न्हाई." हे ते मला सांगत होते. मला, ज्यानं त्या गाण्यावर कॉलेजच्या गॅदरिंगला उत्तेजनार्थ बक्षीस घेतलं होतं!

सागर आणि प्रथमेश माझ्या आधी अर्धा तास शेडवर जायला लागले. मी पाच वर्षं त्यांना तोच अल्बम ऐकवायचो तेव्हा दोघं जांभया द्यायचे. आता भाऊ सांगणार आणि हे माना डोलावणार. चहा पण भाऊंना आधी. मी आलो की प्रथमेश म्हणायचा, "अरे तू पाहिजे होतास, आत्ता भाऊ काय भारी बोलले!" मी म्हणायचो, "हो का?" आणि त्याची सुरात लावलेली गिटार सुरात नाही असं सांगायचो.

आम्ही एक गाणं रचलं होतं. मावळाचं. डोंगराला बंगले फुटलेत, तलावाला कुंपणं घातलीत, आणि आम्ही आमच्याच गावात पाहुण्यांना रस्ता दाखवतोय, असं काहीतरी. शब्द माझे. गायचो मी, अर्थात त्या अमेरिकनच्या आवाजात. पोरं म्हणाली, झकास. भाऊंनी बिडीचं बंडल काढलं. मग म्हणाले, "आवाज लय भारी काढलास. पर राग त्याचा हाय. त्यो त्याला परत दे, न् तुझा घे."

"माझा कुठून आणू?"

"नसंल तर गाऊ नको. नकला कर. त्या तुला चांगल्या जमत्यात."

मला त्या वेळी या जगात एकाच माणसाचा राग होता, आणि तो माझ्यासमोर बसून बिडी पेटवत होता.

थंडीत पवनेच्या काठाला कॅम्पसाइट भरतात. तंबू, शेकोटी, भाजलेलं चिकन आणि 'लाइव्ह म्युझिक'. त्यातल्या एका शेठनं आम्हाला शनिवारी बोलावलं. आधी माझ्या नकला, मग हिंदी गाणी, शेवटी आमचं एक गाणं चालेल म्हणाला. सामान न्यायला पप्पांची जीप ठरली. पप्पा मला स्टेजवर बघायला कधी आले नव्हते. आता भाड्याच्या निमित्तानं का होईना, येणार होते. तर सागरनं त्याच आठवड्यात काढलं, "आपल्या गाण्यात मधे भाऊंना माईक देऊ."

"कशाला?"

"अरे घोषणा. फाटेल सगळं."

"गायक कोण आहे आपल्यात?"

"तूच रे. पण मधे फक्त—"

"माईक माझ्याकडे राहणार," मी म्हणालो. "पाहिजे तर शेजारी उभे राहू दे, मी धरेन त्यांच्या तोंडापुढे."

मी इतका का अडलो ते त्यांना कळलं नाही. मी सांगितलं पण नाही. मला एकदा, फक्त एकदा, माईक माझ्या हातात असताना पप्पांचं तोंड बघायचं होतं.

शनिवारी भाऊ पांढराशुभ्र शर्ट घालून आले. खिशाला युनियनचा जुना बिल्ला, मिशीला ताजा कलप. पप्पांनी सामान उतरवलं. भाऊ त्यांना "जयभीम—" म्हणून थांबले, पप्पा "जयभीम!" म्हणाले आणि दोघं मोठ्यानं हसले. हेही मला लागलं. पप्पा मला घरात तीन वेळा हाक मारायला लावून एकदा 'हं' म्हणायचे. मग ते जीप घेऊन स्वयंपाकाच्या शेडकडे गेले आणि तिथल्या ड्रायव्हर लोकांत जाऊन बसले. दिवस मावळत होता, तुंग किल्ल्याचं टोक अजून पिवळं होतं. समोर पाहुणे खुर्च्यांवर, ताटल्या मांडीवर.

माझ्या नकला चालल्या. उगाच कशाला लाजायचं, तुफान चालल्या. स्टेशनवरच्या बाईला वन्स मोअर मिळाला. शेडकडे पाहिलं तर पप्पा कुणाशी तरी टायरबद्दल बोलत होते. हाताचा एवढा गोल करून.

मग आमचं गाणं आलं. मी अमेरिकन घसा लावला. पाहुण्यांनी माना हलवल्या, दोघातिघांनी मोबाईल वर धरले. मधला भाग आला, सागर आणि प्रथमेश थांबले, आणि भाऊ दोन पावलं पुढे आले. मी कबूल केल्याप्रमाणे, अगदी नाइलाजानं, माईक त्यांच्या तोंडापुढे नेला. भाऊंनी तो हातानं बाजूला केला. तुझ्याकडंच ठेव, असं खुणावलं.

"कोण म्हणतो देणार न्हाई—"

मूठ छातीला. पाहुणे बघत राहिले. एकजण "वूऊऊ!" म्हणाला. एका पोराच्या ताटलीतला पापड मोडल्याचा आवाज आला. भाऊ थांबलेले. मला आतून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, बघा आता, भाऊ. ही तुमची गेटची सभा नाही. इथे नकलाच चालतात.

भाऊंनी पाहुण्यांकडे नीट बघून घेतलं. रागानं नाही. चुकीच्या दारात आल्यावर माणूस बघतो तसं. आणि ते सरळ वळले. पाहुण्यांकडे पाठ करून स्वयंपाकाच्या शेडकडे तोंड केलं. तिथे भाकरी थापणाऱ्या बाया, तंबू ठोकणारी पोरं, ड्रायव्हर, चिकनला तेल लावणारा आचारी. भाऊंनी आवाज वाढवला नाही, नुसता लांब टाकला.

"कोण म्हणतो देणार न्हाई—"

"घेतल्याशिवाय राहणार न्हाई!"

पहिला आवाज एकट्याचा होता. मी नकला करणारा माणूस, एक आवाज ऐकला की मला माणूस दिसतो. ते माझे पप्पा होते. जीपला टेकलेले होते ते सरळ उभे राहिले होते, आणि टायरचा गोल करणाऱ्या त्याच हाताची मूठ झाली होती. दुसऱ्यांदा आणखी ड्रायव्हर आले, तिसऱ्यांदा त्या बाया, पिठाच्या हातांसकट. चौथ्यांदा प्रथमेशनं गिटार घातली, आणि ती पहिल्यांदाच त्या अल्बममधल्यासारखी वाजली. भाऊ अर्धं टाकत होते, शेड अर्धं परत करत होती. मधे मी होतो. माईक माझ्याच हातात होता. त्याचं कुणाला काही काम नव्हतं.

मग भाऊंनी स्वतःच्या नियमानं सगळ्यांना थंड केलं. "च्या—" म्हणाले. "घेऊ!" म्हणून शेड हसली आणि सगळे कामाला लागले.

शेठनं आम्हाला पुन्हा बोलावलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे काम करणाऱ्या पोरांनी आणि बायांनी मिळून, पाहुण्यांचं उरल्यावर नाही तर आधी आम्हाला जेवू द्या, असं मागितलं म्हणे. आणि मिळालं. भाऊंना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "बग, आपल्या तरी मान्य झाल्या. आता त्या अमेरिकावाल्याचं तेवढं इचार कुटंतरी." मी त्यांना वीस कारणं सांगितली असतील, पण विचारलं नाही. मला त्यांच्याशी धड बोलवतच नव्हतं. त्या शनिवारी परतीच्या जीपमध्येही पप्पा आणि भाऊ पुढे बसून कामशेतपर्यंत बोलत होते, आणि मी मागे ड्रमच्या खोक्यावर बसून त्यांच्या दोन टकलांकडे बघत होतो. त्या रात्री झोपेत पण मला तेच दोघं दिसले असतील, मला आठवत नाही.

उन्हाळ्यात भाऊ गेले. हार्ट अटॅक. सकाळी, ओटीवर, अर्धी दाढी झालेली. स्पीकर चालूच होता. काकी सांगत होती, बंद कसा करायचा ते तिला माहीत नव्हतं, तर तो माणूस एकीकडे ओरडतच होता आणि ही रडत होती.

वडिवळ्याच्या विहारात शोकसभा झाली. कंपनीतले सगळे जुने लोक आले होते, लांबून लांबून. भाषणं झाली. मग काकीच म्हणाली, "त्या नकल्याला उभं करा. एकदा त्यांचा आवाज ऐकू द्या." मी नको नको म्हणालो, पण काकीला कोण नाही म्हणणार? उभा राहिलो. पप्पा पहिल्याच रांगेत होते. मी भाऊंसारखी मान केली, मूठ छातीला आणली.

"कोण म्हणतो देणार न्हाई—"

इतका अचूक आवाज मी आयुष्यात कुणाचा काढला नाही. काकीनं पदर तोंडाला लावला. लोक रडता रडता हसायला लागले. मी मूठ धरून थांबलो. मी पप्पांकडे बघत होतो. आणि उरलेल्या अर्ध्याऐवजी टाळ्या पडल्या. खूप पडल्या. पप्पांनी पण वाजवल्या.

घरी जाताना जीपमध्ये आम्ही दोघंच होतो. नाण्याच्या फाट्याला पप्पांनी गाडी हळू केली. मग गिअर बदलता बदलता म्हणाले, "डोळं मिटलं तर त्योच उभा हाय वाटलं. लय भारी केलंस." माझ्या नकलेला पप्पा पहिल्यांदाच चांगलं म्हणाले होते.

मी "हं" म्हणालो आणि खिडकीतून बाहेर बघत बसलो.